टर्बोवरच्या अक्षता

दोन टर्बो वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी मांडून ठेवले होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

"बोला, कुंभोजकर," माने मॅडम म्हणाल्या. "छोटा की मोठा?"

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चष्म्यामुळे फरक पडण्यासारखं काही नव्हतं. मला त्या दोन लोखंडी गोगलगायी दिसत होत्या. एक ओंजळीत मावेल एवढी, दुसरी तिची थोरली बहीण.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बबन पोवारांचं गॅरेज होतं, तिथली ही गोष्ट. पोवार हातात पाना घेऊन उभे होते. दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर त्यांच्या आई, आक्का, सुपात लसूण घेऊन सोलत बसल्या होत्या. शेजारच्या लेथ मशीनचा आवाज अखंड चालू होता. आणि मागे बॉनेट उघडं टाकून मॅडमची लाल गाडी उभी होती, दवाखान्यात तोंड उघडून बसलेल्या पेशंटसारखी.

"मोठा घ्या मॅडम," पोवार म्हणाले. "सरांस्नी कशाला इचारतासा? दोन्हीबी हाय त्या बोल्टवरच बसत्यात. कापाकापी न्हाई, वेल्डिंग न्हाई. बोल्ट काढा, बोल्ट घाला. मग मोठाच बसवायचा की!"

"सरांनी वाचलंय त्यावर," मॅडम म्हणाल्या.

वाचलं होतं हे खरं. मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. मला गाडी चालवता येत नाही. सायकलवरही मी फक्त चढत असे, उतरणं बहुतेक वेळा आपोआप व्हायचं. पण कोणी काही विचारलं की पुस्तक शोधायचं ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. ग्रंथालयात इंजिनांवर एकच जुनं पुस्तक निघालं, त्यात टर्बो होता तो जहाजाचा. मग मी कॉम्प्युटरवर बसलो. तिथे जगभरची माणसं छोटा टर्बो की मोठा यावरून एकमेकांची अब्रू काढत होती. ते सगळं मी वाचून काढलं. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं, जास्त हवा म्हणजे जास्त ताकद, इथपर्यंत मला समजलं. पुढे एवढंच कळलं, की ज्यांनी मोठा बसवला त्यांना छोटा बसवायला हवा होता असं वाटत होतं आणि ज्यांनी छोटा बसवला त्यांना मोठा.

"फरक काय पडतो, पोवार?" मॅडमनी विचारलं.

"त्याचं असं हाय बघा. छोटा टर्बो म्हंजे हाक मारली की 'ओ' देतोय. लगीच. मोठ्याला हाक मारली की तो आदी इचार करतोय. तुमी पाय दाबून बसलायसा, गाडी गप. पुन्ना गप. आन मग येतोय त्यो दार मोडूनच!"

"आणि मग थांबवायचा कसा?"

"थांबवायचा कशाला?" पोवारांना प्रश्नच कळला नाही.

मॅडमनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर माहीत होतं. मॅडम गाडी घाटात चालवत. घाटात प्रत्येक वळणाला वेग कमी होतो आणि पुन्हा लगेच उचलावा लागतो. तिथे विचार करत बसणारा टर्बो काय कामाचा? छोटाच हवा. वाक्य तयार होतं, कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागेवर. पण पोवार तीस वर्षं इंजिनं उघडत होते आणि मी वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधत होतो. मी कोण सांगणारा?

"दोन्ही चांगले आहेत," मी म्हणालो.

आक्कांनी लसणाची पाकळी सुपात टाकली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला ती पाकळी सोलावीशी वाटली.

"मग मोठा," मॅडम म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या.

ही निवड साधी नव्हती, म्हणून मागचं थोडं सांगतो. माने मॅडम आमच्याच संस्थेच्या शाळेत भूगोल शिकवत. यजमान जाऊन खूप वर्षं झाली होती. निवृत्तीनंतर बायका सोनं घेतात किंवा यात्रेला जातात. मॅडमनी ही मागे पंख लावलेली लाल गाडी घेतली. जन्मभर फळ्यावर खडूनं काढलेले घाट आता चढून बघायचे, असं त्यांचं म्हणणं. दर गुरुवारी त्या निघत आणि शेजारच्या सीटवर नकाशा आणि चहाचा थर्मास धरून मी. माझीच निवड का झाली, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं तर त्यांनाही प्रश्न पडेल आणि त्या दुसरा कोणी शोधतील, ही भीती.

मग एका गुरुवारी करूळ घाटात गाडीनं मागून निळा धूर सोडला. टर्बो गेला होता. ओढून आणावी लागली. मॅडमचा मुलगा विश्वजित पुण्याहून आला आणि म्हणाला, आई, पुरे आता, गाडी वीक आणि माझ्याकडे राहायला ये. खोली तयार आहे. मायलेकांची वादावादी झाली आणि शेवटी मॅडमनी शब्द दिला. नवा टर्बो बसवायचा. गाडी विश्वजितच्या देखत पन्हाळा चढली तर त्या कोल्हापुरातच राहणार. वाटेत बंद पडली तर गाडी विकून पुण्याला जाणार.

हे त्यांनी मला पर्जन्यमान सांगावं तसं सांगितलं.

"मग गुरुवारी..." मी म्हणालो.

"गुरुवारी तुम्ही वाचा," त्या म्हणाल्या.

तर गॅरेजमधून निघून आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर आलो. चहा आला. मॅडमनी बशीत ओतला, फुंकर घातली, प्यायला, बशी खाली ठेवली.

"छोटा," मी म्हणालो.

"काय छोटा?"

"टर्बो. घाटाला छोटा बरा. वळणावर लगेच उठतो."

मॅडमनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "हे तुम्हाला आत्ता सुचलं?"

"नाही. मघाशीच."

"मग मघाशी का नाही बोललात?"

"तिथे सगळे होते."

त्या उठल्या आणि तरातरा गॅरेजकडे गेल्या. पोवारांचा आवाज टपरीपर्यंत ऐकू आला. "आवं, आत्ता तर मोठा म्हणलासा!"

बसवायच्या दिवशी विश्वजित सकाळीच पुण्याहून आला. मुलगा गुणी. खाली वाकून त्यानं मला नमस्कार केला, म्हणाला, "काका, तुम्हीच समजवा आता आईला." मी मान हलवली. ती हो अशी हलली की नाही अशी, हे मला आजही सांगता येणार नाही.

आक्कांनी पाट मांडला होता. नवी वस्तू पूजा केल्याशिवाय गाडीला लावायची नाही, हा त्या गॅरेजचा नियम. छोटा टर्बो पाटावर बसला. त्याला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, केळ्यात उदबत्ती खोचली. टर्बोच्या तोंडाला लाल प्लास्टिकचं बूच होतं.

"बबन, ते बूच काड."

"आसू दे की आक्का. कचरा जातोय आत."

"तोंड झाकून कुटं पूजा आसती व्हय? तुजं तोंड झाकून जेवाय घालू का?"

पोवारांनी बूच काढलं. आक्कांनी वाटीतल्या अक्षता उचलल्या आणि टाकल्या. त्यांचा हात सढळ. लग्नात मागच्या रांगेत उभं राहून टाकतात तशा त्यांनी टाकल्या. टर्बोवर, पाटावर, पाटाशी उभ्या असलेल्या मॅडमवर आणि मॅडमशेजारी उभ्या असलेल्या माझ्यावर.

आणि दोन-तीन दाणे मी टर्बोच्या उघड्या तोंडात जाताना पाहिले.

ते चक्र मिनिटाला लाखावर फेरे घेतं. मी वाचलं होतं, त्या वेगात बारीकसा खडा जरी आत सापडला तरी पात्यांचे टवके उडतात, आणि ते टवके पुढे इंजिनात जातात. फोटो पाहिले होते मी. कुत्र्यानं चावलेल्या फुलासारखं दिसत होतं ते चक्र. म्हणजे पन्हाळ्याच्या पहिल्या चढाला गाडी बसणार. गाडी बसली की मॅडम पुण्याला.

सांगायला हवं होतं. पण खरंच गेले का दाणे आत? माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झाला होता. शिवाय तांदूळ खड्याइतका कडक असतो का, याबद्दल मी काहीच वाचलेलं नव्हतं. आणि आक्कांनी भक्तिभावानं वाहिलेल्या अक्षतांना, त्यांच्याच दारात, त्यांच्या मुलासमोर कचरा म्हणायचं कसं?

मी वाक्य जुळवायला बाहेर गेलो.

गॅरेजच्या मागे जुन्या टायरांचा ढीग होता. त्यासमोर उभं राहून मी म्हणून पाहिलं. "पोवार, एक शंका होती." फारच मुळमुळीत. "आक्का, गैरसमज नसावा." हे ऐकलं की हमखास गैरसमज होतो. "आत काहीतरी गेल्यासारखं मला वाटतंय, अर्थात मला कळत नाही." हे बरं होतं, पण कळत नाही तर बोलतोस कशाला, असं कोणी विचारलं तर? मी ते दोनदा मोठ्यानं म्हटलं. टायरांवरचं मांजर उठून गेलं.

आत आलो तेव्हा टर्बो गाडीत बसला होता. पोवार आडवे पडून शेवटचा बोल्ट आवळत होते.

"पोवार," मी म्हणालो.

"सर, ती बॅटरी जरा हिकडं धरा."

मी बॅटरीचा उजेड धरला. बोल्ट आवळून झाला. मग तेलाची नळी जोडली, मग हवेचा पाइप. प्रत्येक वेळी मी तोंड उघडायचो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी बोलायचं. एकदा नेमकी शांतता झाली. मी श्वास घेतला. पोवार म्हणाले, "सर, चा घेणार?" मी म्हणालो, "हो." सगळा श्वास त्यातच गेला.

मग पोवारांनी लॅपटॉप लावून बघितलं, बॉनेट खाली घेतलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. विश्वजित मागे बसला. मॅडमनी केस मागे सारले, पट्टा बांधला, किल्लीला हात घातला.

"थांबा!"

मी एवढ्या मोठ्यानं कधी ओरडलो नव्हतो. ग्रंथालयात तर मुळीच नाही. शेजारचा लेथ बंद पडला. आक्कांच्या हातातलं सूप कलंडलं आणि लसूण गॅरेजभर झाला.

"काय झालं?" मॅडम काचेतून डोकावल्या.

"अक्षता," मी म्हणालो. टायरांपुढे तयार केलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना. "आत. टर्बोत. गेल्यात. चालू करू नका."

पोवारांचा चेहरा लाल झाला. पण मॅडम गाडीतून उतरून म्हणाल्या, "उघडा."

"आवं मॅडम, काय न्हाई आत..."

"उघडा, पोवार. सर ओरडलेत."

पाइप निघाला. पोवारांनी बॅटरी मारली. आत पाती चकचकत होती, अगदी स्वच्छ. काही नव्हतं.

"कदाचित आणखी आत," मी म्हणालो. बोलल्यावर वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. पोवारांनी दात आवळून सगळे बोल्ट पुन्हा काढले, टर्बो बाहेर आणला आणि पाटावर उलटा करून हलवला. सगळ्यांनी मान खाली घालून पाहिलं. एक दाणासुद्धा पडला नाही.

"आवं सर," पोवार म्हणाले, आणि आता त्यांचा राग जाऊन त्यांना माझी कीव यायला लागली होती, ते जास्त वाईट. "पूजा झाल्यावर हवेचा पाइप लावून आतनं बाहेरनं फुर्रर केलं न्हवं मी! रोजचंच हाय ते. आक्का अक्षता टाकती, मी उडवतोय. तुमी कुटं हुतासा?"

"बाहेर."

"भाईर काय करत हुतासा?"

"हेच सांगायची तयारी."

आधी आक्का हसल्या. मग लेथवाला हसला, जो दारात येऊन उभा होता आणि ज्याचा काही संबंध नव्हता. विश्वजितनं सभ्यपणे तोंड फिरवलं.

"काका," थोड्या वेळानं तो म्हणाला, "एवढं काय घाबरलात? फार तर गाडी बंद पडली असती. पडली तर पडली. आई माझ्याकडे आली असती, एवढंच ना?"

"तेच," मी म्हणालो.

"तेच काय?"

आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. माझी जेवढी शोभा व्हायची तेवढी झालेली होती. मी मॅडमकडे वळलो.

"पुण्याला जाऊ नका," मी म्हणालो.

तिथेच थांबायला हवं होतं, पण थांबता येईना. "गाडी चढली नाही तरी जाऊ नका. आपण एसटीनं जाऊ. गगनबावड्याला एसटी जाते. पन्हाळा चालत चढू. तुम्हाला नकाशा मी पुढच्या सीटवर बसून दाखवतो तसा एसटीतही दाखवीन. आणि गुरुवारच का? बाकीच्या वारांनाही मी मोकळाच असतो. मला थर्मास धरायला आवडतो. मी नीट धरतो. एवढ्या दिवसांत एकदाही सांडलेला नाही."

मग आपोआपच थांबलो. लेथवाला दारातच होता. आक्का लसणाच्या पाकळ्या वेचायचं विसरल्या होत्या. पोवारांनी हातातला टर्बो एवढ्या हळुवारपणे पाटावर ठेवला, जणू झोपलेलं मूल होतं ते.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग पाटाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"मला छोटा घ्यायला लावलात," त्या म्हणाल्या, "आणि स्वतःला मोठा बसवून घेतलाय होय?"

पोवार एकदम खूष झाले. "बघा! म्हणलं हुतं न्हवं मी? दार मोडूनच येतोय!"

"पोवार, परत जोडा," मॅडम म्हणाल्या. "आणि हवा मारा आधी. सरांच्या देखत."

पोवारांनी हवा मारली. अगदी माझ्या नाकासमोर, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

दुपारी आम्ही पन्हाळ्याला निघालो. विश्वजित मागे, मी थर्मास घेऊन पुढे. चढ लागला. पहिल्या वळणाला मॅडमनी वेग उतरवला, वळण घेतलं आणि पाय दिला. गाडीनं खरोखरच 'ओ' दिली. दुसऱ्या वळणालाही दिली. आरशात मागे बघत होतो, निळा धूर कुठे दिसतो का म्हणून. धूर नव्हता. दिसत होता तो विश्वजित, दोन्ही हातांनी वरचं हँडल धरून बसलेला.

"आई, हळू."

"हळूच आहे," मॅडम म्हणाल्या.

गडावर तटाजवळ गाडी लावली. विश्वजित खाली उतरला, गाडीभोवती एक फेरी मारली, मागे वाकून सायलेन्सरकडे पाहिलं. हरलेल्या माणसानं पंचांकडे बघावं तसं. मग म्हणाला, "चढली." आणि जरा वेळानं माझ्याकडे वळून, "काका, सीटबेल्ट नीट लावत जा. वळणावर तुम्ही थर्मास धरता, स्वतःला धरत नाही." एवढं बोलून तो दही आणायला गेला.

आम्ही तटाला टेकून उभे होतो. खाली सगळा मुलूख पसरला होता. मला वाटलं, मॅडम आता नद्यांची नावं सांगतील. त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या डोक्यावरून काहीतरी उचललं.

"ही घ्या तुमची अक्षता," त्या म्हणाल्या. "इंजिनात शोधत होतात ती."

तळहातावर कुंकवानं लाल झालेला तांदळाचा एकच दाणा होता. सकाळपासून तो माझ्या डोक्यावर होता. ओरडताना, बोलताना, सगळी वळणं चढताना.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या केसांत, कानाच्या वर, तसेच दोन दाणे अडकलेले होते. ते मला स्पष्ट दिसले, उजव्या डोळ्यानंसुद्धा. वाक्य तयार होतं. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागेवर.

"हवा छान आहे," मी म्हणालो.

माने मॅडमच्या, म्हणजे आता माझ्या शरयूच्या, डोक्यावरही अक्षता पडल्या होत्या, हे तिला सांगायला मला पुढचा दसरा उजाडावा लागला. गाडीला हार घालताना मी ते सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे. आरशात दिसल्या होत्या. मी फक्त तुमचा टर्बो उठायची वाट बघत होते."